म्हैसूरच्या जन्मनोंदी आणि चिकित्सक-संशोधकाचे दुहेरी शिक्षण

एमबीबीएस झालेला विद्यार्थी पुढे एम.डी. करतो. एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो, म्हणून त्याचे संशोधनाचे शिक्षणही झाले असे आपल्याकडे धरले जाते. प्रत्यक्षात एम.डी.ची तीन वर्षे वॉर्डाच्या ड्युटीत जातात आणि प्रबंध उरलेल्या वेळात होतो. पीएच.डी.चे उलट असते. तेथे एकाच प्रश्नामागे चार-पाच वर्षे घालवावी लागतात. ज्याने ही दोन्ही शिक्षणे घेतली, त्याला चिकित्सक-संशोधक म्हणतात. असा माणूस तयार व्हायला किती वर्षे लागतात, त्या काळात त्याचे घर कशावर चालते आणि एवढे करून हाती काय लागते, हे प्रश्न जुने आहेत. प्रस्तुत टिपणात ते म्हैसूरच्या एका रुग्णालयाच्या उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर सरकारी पैशाने दिले गेले. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये दोन्ही पदव्यांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू केला. १९६४ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन वैद्यकीय महाविद्यालयांना अशा विद्यार्थ्यांसाठी अनुदान दिले. त्यातून शुल्क आणि निर्वाहभत्ता मिळू लागल्यामुळे दुसरी पदवी ही श्रीमंतांची हौस राहिली नाही.

भारतात मात्र हा मार्ग ज्याने त्याने स्वतः शोधला. यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासहून एल.एम.एस. होऊन १९२३ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांच्या पदवीवर तेथे वैद्यकी करता येत नव्हती. रुग्णालयात हलकी कामे करत त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १९३० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी वैद्यकीय पदवीनंतर लंडनला जाऊन १९४९ मध्ये पीएच.डी. घेतली. परत आल्यावर सशाच्या आतड्यावर प्रयोग करून त्यांनी १९५९ मध्ये दाखवले की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेल्या द्रवातही रोग घडवणारे विष असते. हयातीत या माणसाला देशात मोठा सन्मान मिळाला नाही. दुहेरी शिक्षण घेऊन परतलेल्या डॉक्टरला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे आपल्या संस्थांना तेव्हा ठरवता आले नव्हते असे मला वाटते.

आता म्हैसूरकडे वळू. संस्थानाने १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन केले. वैद्यकीय महाविद्यालय १९२४ मध्ये बंगळूरला सुरू झाले आणि १९३० मध्ये म्हैसूरला आले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड विद्यापीठात न होता होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात झाली. वेस्लियन मिशनने १९०६ मध्ये सुरू केलेले हे रुग्णालय शहरात मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते. येथे १९३४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवला जाऊ लागला. बाळंतपणाच्या खोलीतले ते रोजचे काम होते. या आकड्यांचा पन्नास वर्षांनी हृदयविकाराशी संबंध जोडला जाईल, हे नोंदी करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

तो संबंध जोडण्याची कल्पना डेव्हिड बार्कर यांची. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधून ते १९६२ मध्ये डॉक्टर झाले आणि १९६६ मध्ये बर्मिंगहॅमला त्यांनी पीएच.डी. केली. तिचा विषय जन्मापूर्वीच्या स्थितीचा पुढील बुद्धिमत्तेवर होणारा परिणाम हा होता. म्हणजे त्यांना पुढे जगभर प्रसिद्धी देणाऱ्या प्रश्नाचे बीज पीएच.डी.तच पडले होते. पुढे साउथॅम्प्टनला असताना त्यांच्या गटाने हर्टफर्डशायर परगण्यातल्या १९११ पासूनच्या जन्मनोंदी तपासल्या. ज्या पुरुषांचे जन्मवजन आणि पहिल्या वर्षाचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. हा निष्कर्ष १९८९ मध्ये छापला गेला. मग प्रश्न आला, जेथे बाळे मुळातच लहान जन्मतात त्या देशात काय दिसते?

त्यासाठी जुन्या आणि विश्वासार्ह नोंदी हव्या होत्या. त्या म्हैसूरला होत्या. कॅरोलिन फॉल आणि म्हैसूरचे के. कुमारन या डॉक्टरांनी इतर सहकाऱ्यांसह हे काम हाती घेतले. आपल्याकडे मुलाचे नाव बारशाला ठरते आणि मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलते, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची नोंद आज समोर बसलेल्या माणसाशी जुळवणे म्हणजे चिकाटीची परीक्षाच. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेली आणि रुग्णालयाच्या आसपास राहणारी ५१७ माणसे तपासली गेली. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के होते, ३.१ किलो किंवा अधिक वजन असलेल्यांत ३ टक्के. जन्मवजनही कमी आणि गरोदरपणी आईचे वजनही १०० पौंडांखाली, अशांमध्ये ते २० टक्क्यांवर गेले.

विद्यार्थ्यांनी हे आकडे जपून वापरावेत. एकूण रुग्ण ५२ होते. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर जन्मवजनाचा कल संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरत नाही, ४५ वर्षांवरील गटात उतरतो. शिवाय जी माणसे मरण पावली किंवा गाव सोडून गेली, ती यात नाहीत. वॉर्डातला डॉक्टर समोर असलेला रुग्ण पाहतो. जो रुग्ण समोर नाही त्याचाही हिशेब मांडायची सवय संशोधनाच्या शिक्षणाने लागते, आणि या अभ्यासाला दोन्ही दृष्टी लागल्या.

पुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. इंग्लंडच्या अनुभवावरून मधुमेहही हलक्या बाळांतच जास्त दिसायला हवा होता. म्हैसूरला तसे दिसले नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार येथे मधुमेह अधिक होता तो लांबीने कमी पण लांबीच्या मानाने जड जन्मलेल्यांत, आणि त्यांच्या आयाही वजनदार होत्या. तेव्हा शंका आली की या आयांना गरोदरपणी मधुमेह असावा. जुन्या वह्यांत रक्तातील साखर नव्हती, म्हणून उत्तर तेथे मिळणे शक्य नव्हते. मग त्याच रुग्णालयात १९९७-९८ मध्ये पार्थेनॉन अभ्यास सुरू झाला. ८३० गरोदर स्त्रियांना ग्लुकोज देऊन रक्त तपासले गेले. सुमारे सहा टक्के स्त्रियांत मधुमेह आढळला. डॉ. जी. व्ही. कृष्णवेणी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मधुमेही मातांच्या मुलींत पाचव्या वर्षीच त्वचेखालची चरबी जास्त भरली. असा पाठपुरावा तीन वर्षांच्या प्रबंधात बसत नाही आणि केवळ ओपीडी सांभाळून होत नाही.

मराठी वाचकाला याचा पुण्याचा जोडधागा ठाऊक असावा. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच फॉल यांच्यासह १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनातल्या या तफावतीच्या मानाने चरबीत फारसा फरक नव्हता. दिसायला हडकुळे आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. पुणे आणि म्हैसूर या दोन्ही ठिकाणी संशोधक घडले ते रुग्णालयातच उभ्या राहिलेल्या विभागांत, आणि त्यांना बळ मिळाले ते बरेचसे परदेशी अनुदानाचे.

स्वदेशी सोय हळूहळू होत आहे. वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २००८ च्या संयुक्त योजनेत चिकित्सकांसाठी वेगळ्या अधिछात्रवृत्त्या ठेवल्या गेल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये ४२५ कोटी रुपयांच्या देणगीतून वैद्यकीय विद्यालय आणि ८०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचे जाहीर केले. तेथे एम.डी.-पीएच.डी. हा एकत्रित अभ्यासक्रम योजला आहे. ही संस्था जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या ३७१ एकर जागेवर उभी राहिली, हे येथे सांगायला हवे. तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरने नेमणुकीसाठी अर्ज केला, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या क्लिनिकल विभागात पहिली अट अजूनही एम.डी.चीच आहे.