गमबूट
चिखलात, साचलेल्या पाण्यात किंवा सतत ओल्या राहणाऱ्या जमिनीवर काम करताना वापरावयाचे, रबराचे किंवा प्लॅस्टिकचे, घोट्याच्या वर व बहुधा गुडघ्याखालपर्यंत येणारे जलाभेद्य पादत्राण. ‘गम’ म्हणजे झाडाचा चीक. रबर चिकापासून होते म्हणून हे नाव. इंग्लंडमध्ये यालाच ‘वेलिंग्टन’ म्हणतात. ते नाव मात्र मूळचे निराळ्याच बुटाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ड्यूक ऑफ वेलिंग्टनने लंडनमधील सेंट जेम्स स्ट्रीटवरील होबी या कारागिराकडून वासराच्या मऊ कातड्याचे, पोटरीला बेताने बसणारे बूट करवून घेतले. सरदारी थाटाचे हे नाव पुढे शेतमजुराच्या रबरी बुटाला चिकटले.

चिखलासाठी चामडे फारसे सोयीचे नाही. तेल-चरबी चोळून ते काही काळ पाणी अडवते, पण भिजले की जड होते, फुगते व सुकताना आखडते. त्यामुळे युरोपातील अनेक भागांतील शेतकरी लाकूड कोरून केलेले जोडे वापरीत. रबराचा उपाय दक्षिण अमेरिकेतून आला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आदिवासी झाडाचा चीक साच्यावर थरांनी चढवून व धुरावर धरून जोडे करीत. १८२० नंतर असे जोडे ब्राझीलमधून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येऊ लागले. परंतु कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई व थंडीत कडक होऊन तडके. गंधकासह तापविल्याने हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर यास १८३९ मध्ये आढळले व १८४४ मध्ये त्याने अमेरिकेत एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यानेही त्याच सुमारास या व्हल्कनीकरणाचे एकस्व मिळविले. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने फ्रान्समध्ये माँतार्जीनजीक कारखाना काढला. लाकडी जोडे वापरणाऱ्या तेथील शेतकऱ्यांना तयार गिऱ्हाईक मिळाल्यासारखा रबरी बूट मिळाला. १८५६ मध्ये एडिंबरो येथे नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी स्थापन झाली.

या बुटाची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या खंदकांत सैनिक दिवसेंदिवस गुडघाभर चिखलात उभे असत. त्यांचे पाय बधिर होत, सुजत, काळे-निळे पडत. काहींची बोटे वा पाऊल कापावे लागे. प्रथम हा हिमदाह समजला गेला, पण तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही रोगी येतच राहिले. थंडी, ओल, हालचालीचा अभाव आणि घट्ट बूट व आवळलेल्या पट्ट्यांमुळे रोधलेले रक्ताभिसरण ही कारणे हळूहळू स्पष्ट झाली. या विकारास ‘खंदक-पाद’ म्हणता येईल. ब्रिटिश सैन्याने नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून सुमारे बारा लाख जोड मागविले. तथापि नुसत्या बुटांनी काम भागले नाही. जे रबर पाणी बाहेर ठेवते तेच घामही आत कोंडते. वरून पाणी शिरले की बूट आतून लवकर वाळत नाही. शिवाय मांडीपर्यंतचे रबरी बूट हे सैनिकाचे वैयक्तिक सामान नव्हते. ते खंदकाच्या साठ्यात असत आणि एक तुकडी गेली की दुसरीच्या वाट्यास येत. साहजिकच ज्याच्या त्याच्या मापाचा जोड मिळेलच असे नसे. अखेर रोगाला आळा बसला तो बूट, सुके मोजे, पायांना तेलाचे मर्दन, सैल पट्ट्या आणि तुकड्यांची वेळेवर अदलाबदल यांच्या एकत्रित योजनेने. पायांची तपासणी करवून घेणे ही अधिकाऱ्याची जबाबदारी ठरली, ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल.

युद्धाबाहेर हाच प्रश्न खाणीत व बोगद्यात होता. आल्प्समधील गॉटहार्ड बोगद्याच्या मजुरांत १८८० मध्ये अंकुशकृमीची मोठी साथ आढळली. या कृमीच्या अळ्या त्वचेतूनच शरीरात शिरतात हे आर्थर लूस याने १८९८ च्या सुमारास कैरो येथे दाखविले. १९१५ मध्ये इनाडा व इडो यांनी लेप्टोस्पायरोसिसचे सूक्ष्मजंतू जपानमध्ये शोधून काढले. क्यूशू बेटावरील कोळसा खाणींतील कामगार या रोगाने पछाडलेले होते. त्याच बेटावरील कुरुमे येथून शोजिरो इशिबाशी याने १९२३ मध्ये रबरी तळ जोडलेला, अंगठा वेगळा असलेला कापडी जोडा विक्रीस आणला. पूर्वीची गवताची पायताणे अल्पकाळात झिजत. हा जोडा मजुराला परवडला. दक्षिण आफ्रिकेतील विट्‌वॉटर्झरँडच्या सोन्याच्या खाणींत पाण्यात काम करणाऱ्या काळ्या मजुरांना गमबूट देत. खाणीचा निचरा करण्यापेक्षा ते स्वस्त पडे, असे सांगतात. या बुटांवर थापा मारून मजुरांनी रचलेला नाच आज जगभर ठाऊक आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, भातलावणीच्या वेळी पाठ इरल्याने झाकली जाई, पाय मात्र उघडेच राहत. कोल्हापुरी वहाण पावसाळ्यात भिजून फुगते, म्हणून ती आढ्याला टांगून ठेवण्याची रीत होती. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिघळणाऱ्या ‘चिखल्या’ हा तर घरोघरचा विकार. त्यावर मेंदीचा पाला वाटून लावीत. तरीही लावणीच्या खाचरात नेहमीचा गमबूट रुळला नाही, याचे कारण निव्वळ गरिबी नव्हे. मऊ चिखलात टाचेखाली पोकळी निर्माण होते व सैल बूट तेथेच अडकून पाय तेवढा वर येतो. म्हणून जपानमध्ये भातशेतीसाठी पाऊल व पोटरीला लगटून बसणारे पातळ रबरी बूट निराळे करतात. उलट बांध, गोठा, गटार वा रस्त्याचे काम यांसाठी जाड तळाचा, खोल व विरळ खाचांचा बूट बरा. दाट खाचांत चिखल भरून तळ गुळगुळीत होतो. दोन्ही ठिकाणी टाच घट्ट, पण पुढे मोज्यासह बोटे हलतील एवढी जागा हे माप असावे लागते. पायाची सूज संध्याकाळपर्यंत वाढत असल्याने माप त्या वेळी घेणे श्रेयस्कर.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिव्हिनिल क्लोराइडचे, साच्यात ओतून एकसंध केलेले बूट आले. ते स्वस्त व आम्लास टिकाऊ, पण रबराहून कमी लवचिक असतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. सिंधुदुर्गासारख्या भातशेतीच्या जिल्ह्यांतही तो पावसाळ्यात आढळतो. पायावरील भेगा व जखमा हा त्याचा एक प्रवेशमार्ग असल्याने बुटाला येथे वैद्यकीय महत्त्व आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांनी सफाई कामगारांना संरक्षक साधने पुरविण्याचे दायित्व मालकावर टाकले. मात्र एकाच मापाचे बूट घाऊक खरेदी करून वाटले, तर ते अंगावर न चढता कोठडीत पडून राहतात आणि कामगार अनवाणीच गटारात उतरतो.