दर्याचा नारळ

फकिराच्या हातातील काळी, तुळतुळीत, होडीच्या घाटाची किश्ती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती लाकडाची नव्हे. ते एका बीचे अर्धे कवच आहे, आणि ते बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे. वजन १८ किलोपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक. मराठीत याला ‘दर्याचा नारळ’ म्हणतात. जुन्या वैद्यांच्या बटव्यात याचाच तुकडा ‘जहरी नारळ’ या नावाने असे.

दर्याचा म्हणण्याचे कारण साधे आहे. तो दर्यावरून येई. त्याचे झाड मात्र शतकानुशतके कोणीही पाहिले नव्हते. मालदीव बेटांच्या किनाऱ्यावर लाटा अधूनमधून एखादा नारळ आणून टाकीत, आणि त्याभोवती कथा उगवत. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात या नारळाची चर्चा आहे. ही बेटे एके काळी मोठ्या भूमीचा भाग होती, ती भूमी बुडाली आणि तिचे माड पाण्याखाली राहिले, असा तेव्हाचा समज होता. तिकडे आंबोयना बेटावर राहिलेल्या रुम्फियसने याहून सुरस कथा नोंदवून ठेवली. जावाच्या दक्षिणेस भर समुद्रात, भोवऱ्याच्या मध्यावर हे झाड उभे आहे आणि त्यावर गरुडाची वस्ती आहे! आपला गरुड केवढ्या लांबवर जाऊन बसला होता पाहा.

पिरार नावाचा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला अडकला आणि पाच वर्षे तिथे राहिला. तो सांगतो की, सापडलेला प्रत्येक नारळ राजाच्या मालकीचा असे. आणि कोणी एकाएकी श्रीमंत झाला की, याला तो नारळ सापडला असावा, असे लोक म्हणत. त्याच १६०२ साली प्राग येथे आंतोन श्वाइनबर्गर या कारागिराने अशाच एका कवचाला चांदीचे कोंदण करून झारी घडविली. ती आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

पुढे १७६८ मध्ये फ्रेंचांची एक मोहीम सेशेल्स बेटांची पाहणी करीत असता, बारे नावाच्या अभियंत्यास प्रालँ बेटावरील अरण्यात हे माड उभे दिसले. पाण्याखाली नव्हेत, चांगले डोंगरउतारावर. दुसऱ्याच वर्षी द्युशमँ या दर्यावर्दीने जहाजभर नारळ हिंदुस्थानात आणून विकले. दोनशे वर्षे राजांनी जपलेला भाव एका खेपेत कोसळला. अतिलोभाचे याहून चोख उदाहरण व्यापाराच्या इतिहासात मला तरी आठवत नाही.

कोडे मात्र सुटले नाही. उलट खरे कोडे तेथूनच सुरू झाले. कारण ताजा, जिवंत दर्याचा नारळ पाण्यावर तरंगतच नाही, बुडतो. आतील गर कुजून पोकळ झाल्यावरच तो तरंगतो. म्हणजे राजांनी खजिन्यात ठेवलेले ते सारे नारळ मेलेले होते! आपला साधा नारळ सोडणाच्या बळावर महिनोन्‌महिने तरंगून जिवंत राहतो आणि दूरच्या किनाऱ्यावर रुजतो. मग या महाकाय बीचा उपयोग काय?

फराळाच्या वेळी डब्यात पीठ ठरावीकच असते. लाडू लहान वळले तर पुष्कळ होतात, मोठे वळले तर थोडे. झाडाचेही तसेच. स्मिथ आणि फ्रेटवेल या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा हिशेब गणिताने मांडला. आमरीची बिया म्हणजे केवळ धूळ, एकेक ग्रॅमच्या दशलक्षांशाच्या आसपास. एका बोंडात लाखो. वारा त्यांना कोठेही नेतो, पण शिदोरी काहीच नसल्यामुळे बुरशीच्या आश्रयावाचून त्या वाढू शकत नाहीत. मोठ्या बीला लांबचा प्रवास नाही, पण अंधाऱ्या रानात, निकस जमिनीत रोपट्याला तग धरण्यापुरते आईने बांधून दिलेले असते.

प्रालँची जमीन निकसच आहे. तेथे या माडाचा नारळ पिकायला सहासात वर्षे लागतात, आणि पिकला की तो आईच्याच पायथ्याशी पडतो. रुजताना बीमधून एक जाड दोर निघतो, जमिनीखालून कित्येक मीटर सरकतो आणि आईपासून जरा दूर रोपटे उभे करतो. बाकीची तजवीज आई करते. तिच्या पन्हाळीसारख्या प्रचंड पानांवरून पावसाचे पाणी, परागकण आणि पालापाचोळा बुंध्याशी उतरतो. तेथील माती आसपासच्या मातीहून कसदार असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अशा छायेत ज्याची शिदोरी मोठी तेच पोर भावंडांत टिकते, आणि पिढ्यान्‌पिढ्या बी आणखी थोरले होत गेले, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

भूमी बुडाल्याची ओर्ताच्या काळातील कथा अगदीच वेडगळ नव्हती. सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या लाव्ह्याने आपला सह्याद्री घडला तो उसळत होता त्याच सुमारास, सेशेल्सची भूमी हिंदुस्थानापासून तुटली. मागे राहिलेल्या त्या तुकड्यावर एवढे बी वाहून नेईल असा प्राणी नाही. म्हणून हा माड निसर्गतः आज प्रालँ व शेजारचे क्युरियूझ या दोनच बेटांवर आहे.

आणि म्हणूनच चोरीचा घाव त्याला फार लागतो. मोहरीच्या हजार बिया चिमण्यांनी खाल्ल्या तरी मोहरी संपत नाही. येथे एक नारळ गेला की आईची सहासात वर्षांची कमाई गेली. वॅले द मे हे तेथील रान १९८३ पासून जागतिक वारसा आहे, नारळ परवान्याशिवाय बेटाबाहेर नेता येत नाही. तरी शोभेसाठी आणि कामोत्तेजक म्हणून खपणाऱ्या गरासाठी चोऱ्या होतातच. पडलेले नारळ उचलले गेल्याने रानात कोवळी रोपे कमी दिसतात.

कलकत्त्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये एक जिवंत बी आणून लावले होते. ते रुजले. पुढे झाड मादी निघाले आणि आसपास नर कोठला? अखेर परदेशातून परागकण मागवून माणसांनी ते हाताने फुलांवर घातले, तेव्हा कोठे, लावल्यापासून शंभरावर वर्षांनी, त्याला फळ धरले.