पारख कौशल्याची की धीराची? तांत्रिक मुलाखतीचा इतिहास

१/८
करावे हे नवी मुंबईतील जुने आगरी-कोळी गाव. १९९३ साली येथे ‘टी. एस. चाणक्य’ ही नौकानयन प्रशिक्षण संस्था आली. तिची परंपरा १९२७ च्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजापर्यंत जाते. जहाज सोपवण्याइतका हा माणूस तयार आहे का, हा या व्यवसायापुढचा मूळ प्रश्न.

२/८
नौकानयनाचे उत्तर तिपेडी आहे: समुद्रावरील ठरावीक सेवाकाळ, लेखी परीक्षा आणि परीक्षकासमोरची तोंडी. संगणकक्षेत्राला मात्र असे उत्तर आयते मिळाले नाही.

३/८
१९५० च्या दशकात प्रोग्रामर हा व्यवसायच नवा होता. १९५५ साली आयबीएमने अभियोग्यता चाचणी आणली. तीत अंकमालिका, आकृत्या आणि अंकगणित होते; प्रोग्राम लिहिणे नव्हते.

४/८
१९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांचा अभ्यास केला. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. निष्कर्ष निघाला: प्रोग्रामरला कोडी आवडतात, माणसे नावडतात. हीच प्रतिमा निवडीत रुजली. वस्तुतः एनिॲक यंत्राच्या पहिल्या सहाही प्रोग्रामर स्त्रिया होत्या!

५/८
१९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींत ‘गटाराचे झाकण गोल का?’ असे प्रश्न गाजले. गूगलनेही कोडी घातली. २०१३ साली गूगलच्याच मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी ती निव्वळ कालापव्यय असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

६/८
कोडी मागे पडली, फळा उरला: परीक्षकाच्या नजरेखाली, बोलत बोलत अल्गोरिदम लिहायचा. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला; काहींना परीक्षकासमोर, काहींना एकांतात.

७/८
परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्या गटातील एकही विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली नाही. एकांतात मात्र साऱ्याच झाल्या. नमुना लहान होता, तरी इशारा मोठा होता: तपासले जात होते ते कौशल्य की दडपण सोसण्याची ताकद?

८/८
म्हणून उमेदवाराची तयारी दुहेरी हवी. प्रश्न सोडवावेतच, शिवाय मित्राला समोर बसवून, मोठ्याने विचार मांडत सोडवावेत. आधी अटी विचाराव्यात, लहान उदाहरण हाताने करून पाहावे, मग कोड लिहावा. आणि कंपन्यांनी प्रत्यक्ष कामासारखे काम द्यावे, थोडा एकांतही द्यावा. नौकानयनात तोंडी परीक्षेच्या पाठीशी समुद्रावरची वर्षे उभी असतात. येथे अनेकदा तासाभराच्या तोंडीवरच एखाद्याची वाट ठरते.