‘प्लॅस्टिक’ हा शब्द आणि उष्णतारोधी बहुवारिके

‘प्लॅस्टिक’ या शब्दाचे मूळ ‘प्लास्सेइन्’ या ग्रीक क्रियापदात आहे. माती, मेण अशा मऊ पदार्थांना आकार देणे हा त्याचा अर्थ. ही घडणसुलभता पदार्थास बहुधा उष्णतेमुळे येते. मग जो पदार्थ उष्णतेस दाद देत नाही, त्यास प्लॅस्टिक का म्हणावे? हा केवळ शब्दच्छल नव्हे. उष्णतारोधी बहुवारिकांचा इतिहास सामान्यतः चढत्या तापमानांची यादी म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो या अंतर्विरोधाशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

पहिला तोडगा लिओ बेकेलँड याचा. फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांची विक्रिया उष्णता व दाब यांच्या साहाय्याने काबूत आणून त्याने १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले व १९०९ मध्ये ते जाहीर केले. तत्पूर्वीचे सेल्युलॉइड उष्णतेने मऊ पडे आणि ज्वाला लागताच भडके. बेकेलाइटमध्ये रेणूंच्या साखळ्या आडव्या बंधांनी जखडल्या जात असल्याने ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. विजेची बटणे आणि कुकरच्या मुठी यांसाठी ते रूढ झाले ते यामुळेच. आकार आधी, ताठरपणा नंतर, असा हा क्रम होय.

आपल्याकडे अशा पदार्थांस ‘उष्णतादृढ’ म्हणतात. हा समास तृतीया तत्पुरुष मानला तर ‘उष्णतेने दृढ झालेला’ आणि सप्तमी तत्पुरुष मानला तर ‘उष्णतेत दृढ राहणारा’ असा अर्थ निघतो. बेकेलाइटला दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून संदिग्धता जाणवत नाही. पुढील पदार्थांबाबत मात्र ती घोटाळा करते.

६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट यास योगायोगाने सापडलेले टेफ्लॉन रचनेने उष्णतामृदू आहे आणि २६०° से.पर्यंत वापरता येते. परंतु सुमारे ३२७° से.ला वितळूनही ते वाहत नाही. धातूच्या भुकटीप्रमाणे ते साच्यात दाबून मग भट्टीत तापवावे लागते. ड्यू पाँट कंपनीने १९६० च्या दशकात आणलेले कॅप्टन हे पॉलिइमाइड तर वितळतच नाही. म्हणून त्याच्या पूर्वगामी द्रव्याच्या विद्रावाचा आधी पातळ पापुद्रा ओततात व नंतर उष्णतेने पाणी बाहेर काढून इमाइड वलये पूर्ण करतात. युक्ती पुन्हा बेकेलँडचीच! १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या बाह्य आवरणात हेच पापुद्रे होते.

इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत १९७८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या पॉलिईथरईथरकीटोनने, म्हणजे ‘पीक’ने, निराळा मार्ग काढला. त्याच्या साखळीतील बेन्झिन-वलये ताठरपणा देतात, तर ऑक्सिजनाचे सांधे थोडी लवचीकता राखतात. ते ३४३° से.ला वितळते आणि सामान्य साचेयंत्रांतून ओतता येते. धारवे, झडपांची बैठक, मणक्यातील रोपणे असे त्याचे उपयोग आहेत.

तथापि माहितीपत्रकांतील ‘सतत वापर २५०° से.’ हा आकडा जपून वाचावयास हवा. तो मुख्यतः रासायनिक टिकाऊपणाचा निदर्शक आहे. सुमारे १४३° से.च्या वर पीकचा ताठरपणा झपाट्याने घटतो, आणि भार पेलण्यासाठी त्यात काचतंतू किंवा कार्बनतंतू मिसळावे लागतात.