जर्मनची नाव

वऱ्हाडात कित्येक घरांत अॅल्युमिनियमच्या भांड्याला अजूनही 'जर्मन' म्हणतात. जर्मनचा गंज, जर्मनची परात. त्यामुळे आमच्या भागातल्या एका धरणावर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थेचे दोघे सभासद परतवाड्याला आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, जर्मनची नाव घ्याची हाये, यातली कोनती घ्या?" तेव्हा आम्हाला भाषेची अडचण आली नाही. अडचण पुढे होती. त्यांच्या हातात दोन दरपत्रके होती. एक नाव सपाट बुडाची, रिव्हेट ठोकून जोडलेली. दुसरीचे बूड इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे निमुळते, वेल्डिंग केलेले. दोन्ही सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या, दोन्हींना मागच्या फळीवर मोटर बसवायची सोय. किमतीत फार फरक नव्हता.

विज्ञान शिकवणाऱ्याला सगळेच येत असावे, असा लोकांचा समज असतो. आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. दरपत्रकातल्या प्रत्येक शब्दामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास निघाला. तो वर्गात सांगण्याजोगा आहे म्हणून इथे मांडतो.

परतवाडा हे लाकडाचे गाव. मेळघाटातला साग इथल्या आगारात येतो आणि इथून सगळीकडे जातो. नाव लाकडाचीच असते, ही समजूत आमच्या हाडीमासी भिनलेली, आणि ती चूकही नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागातल्या तेलकट द्रव्यामुळे तो सहजी कुजत नाही आणि वाळवीही त्याला टाळते. मात्र सागाचा ओला ओंडका तरंगेलच असे नाही. ब्रह्मदेशात म्हणूनच झाडाच्या बुंध्याला भोवताली खाच पाडून ते उभ्याउभ्याच वाळू देत, मग तोडून नदीत सोडत. वाळलेल्या सागाची घनता पाण्याच्या साधारण ०.६५ पट असते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

अॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, म्हणजे सागाच्या चौपट. मग जर्मनची नाव हलकी कशी? उत्तर जाडीत आहे. सागाची फळी २० मिलिमीटर जाड धरली, तर एका चौरस मीटरचे वजन १३ किलो होते. अॅल्युमिनियमचा २ मिलिमीटरचा पत्रा पुरतो आणि त्याचे वजन ५.४ किलो भरते. पदार्थ जड, वस्तू हलकी. मुलांना हे आधी पटत नाही. गणित फळ्यावर मांडले की पटते.

हा पत्रा मिळू लागला तो अगदी अलीकडे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर अॅल्युमिनियमचे टोक बसवले, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळता विजेने अॅल्युमिनियम वेगळे करण्याची एकच पद्धत शोधली. दोघेही १८६३ साली जन्मले आणि दोघेही १९१४ साली वारले. योगायोगाला तरी काही मर्यादा असावी! धातू स्वस्त होताच नावा बांधणारे त्याच्यामागे लागले. १८९१ मध्ये झुरिचला अॅल्युमिनियमची छोटी यंत्रनौका तयार झाली. १८९४ मध्ये यारो या इंग्रज कंपनीने फ्रेंच आरमारासाठी टॉर्पेडो नौका बांधली.

आणि मग फजिती झाली. १८९५ साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची शिडाची नौका बांधली. तिचा पाण्याखालचा भाग कांस्याचा, वरचा अॅल्युमिनियमचा आणि आतला सांगाडा पोलादाचा. ती शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांचा विद्युतघट तयार होतो, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. त्या घटात झिजतो तो अॅल्युमिनियम. 'डिफेंडर'चा पत्रा असा खात गेला आणि १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. वर्गात अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तांब्याची तार घट्ट गुंडाळून मिठाच्या पाण्यात ठेवा आणि शेजारी नुसती पट्टी ठेवा. काही दिवसांत फरक दिसेल. धरणाचे पाणी गोडे असल्याने हा धोका आपल्याकडे पुष्कळ कमी आहे, पण शून्य नाही. नावेच्या पत्र्यात पितळी नट-बोल्ट घालण्याचा मोह आवरावा, हे आम्ही त्या दोघांना पहिल्याच दिवशी सांगितले.

शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असतो. त्याला बळ दिले ते बर्लिनजवळ काम करणाऱ्या आल्फ्रेड व्हिल्मने. तांबे मिसळलेला अॅल्युमिनियम तापवून झटकन थंड केला आणि तसाच पडू दिला, तर काही दिवसांत तो आपोआप कठीण होतो, असे त्याला १९०६ मध्ये आढळले. विमाने या मिश्रधातूची झाली, पण तांब्यामुळे तो पाण्यात टिकेना. नावांसाठी पुढे मॅग्नेशियम मिसळलेला अॅल्युमिनियम रुळला. दरपत्रकात ५०५२ किंवा ५०८३ असे आकडे दिसले, तर ते त्याच कुळातले. घरातल्या गंजाचा पत्रा तो नव्हे.

रिव्हेटची गोष्ट सरळ विमानातून येते. ग्रुमन ही अमेरिकन कंपनी दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बनवत होती. तिथला एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये सुट्टीवर असताना जड कनू खांद्यावर वाहून थकला. विमानाच्या पत्र्याची हलकी कनू का नको, असे त्याला वाटले. युद्ध संपताना कारखान्यांना नवे काम हवेच होते. विमानाचे पत्रे जोडणारेच कारागीर आता नावा जोडू लागले. अॅल्युमिनियमचे वेल्डिंग कठीण, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर धातूपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतो. निष्क्रिय वायूच्या आवरणात वेल्डिंग करण्याची युक्ती १९४० च्या दशकात हाती आली, तेव्हा बिनरिव्हेटच्या नावा निघाल्या. पातळ पत्र्याला रिव्हेट चालतो. दगडावर आपटून आपटून तो ढिला होतो आणि पाणी झिरपते, पण गावातला कारागीरही तो पुन्हा ठोकू शकतो. वेल्डिंगला पत्रा जाड लागतो. ते टिकते खरे, पण तडा गेला तर ते यंत्र आणि ते हात शोधत शहर गाठावे लागते.

मोटरचा इतिहास आम्ही थोडक्यात उरकतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेत १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीची, २८ किलोची मोटर विकायला आणली. आज दहा अश्वशक्तीची चार-स्ट्रोक मोटर ४० किलोच्या आसपास असते. हे वजन नावेच्या अगदी शेपटाला बसते, आणि हलक्या नावेला ते जास्त जाणवते.

आता बुडाचा आकार. 'व्ही' आकाराचे बूड लाटा कापते. पण थांबलेल्या नावेत जाळे ओढायला माणूस एका बाजूला वाकला, की ती पटकन कलते. सपाट बूड लाटेवर दणके देते, मात्र उथळ पाण्यात जाते आणि कलायला नाखूष असते. का, याचे गणित पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ च्या आपल्या ग्रंथात दिले. नाव थोडी कलली, की तिला वर ढकलणाऱ्या पाण्याच्या बलाची रेषा बाजूला सरकते. ही रेषा नावेच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर नाव पुन्हा सरळ होते. वर गेला की उलटते.

सपाट खोक्यासाठी हे गणित दहावीच्या मुलालाही करता येते. रुंदीच्या वर्गाला, बुडालेल्या खोलीच्या बारा पटींनी भागा आणि त्यात खोलीचा निम्मा मिळवा. बुडापासून मेटासेंटरची उंची मिळते. साडेतीन मीटर लांब, एक मीटर रुंद, ८० किलोचे खोके घ्या. चार माणसे बसली की एकूण ३५० किलो होतात आणि खोके १० सेंटिमीटर बुडते. मेटासेंटर ८८ सेंटिमीटरवर येतो. बाकावर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बुडापासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर धरला, तर सगळ्यांचा मिळून ४७ वर येतो. चिंता नाही. आता नऊ माणसे बसवा. एकूण ७०० किलो. खोके २० सेंटिमीटर बुडते. काठ अर्धा मीटर उंच असेल तर अजून ३० सेंटिमीटर काठ कोरडा दिसतो. बघणारा म्हणेल, आणखी दोघे बसतील. पण मेटासेंटर ५२ वर उतरलेला असतो आणि गुरुत्वमध्य ५१ वर चढलेला. एकजण उभा राहिला की संपले.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण मरण पावले. दशक्रियेसाठी जमलेले, एकमेकांचे नातेवाईक. हे गणित आम्ही वर्गात घेतो तेव्हा कोरड्या काठाचा मुद्दा दोनदा सांगतो.

दोन दिवसांनी ते दोघे आले. त्यांच्या धरणात बुडालेल्या झाडांची खोडे आहेत, काठ उथळ आहे आणि काम जाळ्याचे आहे. आम्ही सपाट बुडाकडे बोट दाखवले. जोडणी रिव्हेटची होती, पण रिव्हेट ठोकणारा माणूस त्यांच्याच गावात होता. तेवढ्यात त्यांच्यातले वयस्क काका, ज्यांचे आयुष्य लाकडी डोंग्यावर गेले, त्यांनी विचारले, "अन् पानी भरलं तं?"

आम्ही दोन दिवस वाचत होतो आणि हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी काठोकाठ तरंगत राहतो, माणूस त्याला धरून राहतो. ८० किलो वाळका साग सुमारे १२३ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे ४३ किलोचा आधार शिल्लक राहतो. ८० किलो अॅल्युमिनियम सारतो फक्त ३० लिटर. उरलेले ५० किलो खालीच ओढतात, आणि मोटर आणखी पंचवीस-तीस किलो. लाकूड जे फुकट देत होते, ते धातूने काढून घेतले. ते परत द्यायचे तर बाकांखाली बंद हवेच्या पेट्या किंवा फोम भरावा लागतो. हिशेबाने नुसती नाव आणि मोटर तरंगती ठेवायला ८० लिटर फोम हवा, धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्याहून जास्त. अमेरिकेत १९७१ मध्ये नावांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी त्याच दशकात छोट्या नावांना असा फोम आणि किती माणसे बसवायची याची पाटी सक्तीची केली. आमच्यासमोरच्या दोन्ही दरपत्रकांत फोमचा उल्लेख नव्हता आणि माणसांची संख्याही नव्हती.

दोन्ही विक्रेत्यांना पत्र लिहिले. एकाचे उत्तर आलेच नाही. सपाट बुडाच्या नावेवाल्याने फोमची वेगळी किंमत कळवली आणि माणसे 'चार' असे लिहून दिले. संस्थेने तीच नाव घेतली. काकांनी ती पहिल्या दिवशी काठाजवळ, मोटर न लावता, बादलीने पाणी ओतून मुद्दाम भरून पाहिली.