बसवनगुडीखालचं गाव

आज्जीची गोष्ट सुंकेनहळ्ळीच्या शेतात सुरू व्हायची. शेंगा काढणीला आल्या की रात्री एक बैल यायचा आणि रान उकरून पीक फस्त करायचा. एका शेतकऱ्यानं पाळत ठेवून त्याला काठीनं बडवलं. बैल तिथंच बसला आणि दगड झाला. दगड झाला तरी वाढायचा थांबेना, म्हणून त्याच्या कपाळावर त्रिशूळ ठोकला. तेव्हापासून सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी इथले शेतकरी पहिल्या शेंगा त्या दगडी बैलाला, म्हणजे बसवण्णाला, वाहू लागले. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरला भरणारी कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, ती हीच.

आज्जीच्या हिशेबानं हे सगळं केंपेगौडाच्या काळी घडलं. केंपेगौडानं बंगळूर 1537 साली वसवलं आणि दोड्ड बसवण्णाचं देऊळही त्यानंच उभारलं, असं मानतात. एकाच शिळेतून कोरलेला हा नंदी सुमारे 15 फूट उंच आणि 20 फूट लांब आहे. भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दक्षिण हिंदुस्थानात त्याची मोठ्या प्रमाणावर शेती झाली ती 19 व्या शतकात. तेव्हा गोष्टीतला नंदी एका काळचा आणि शेंगा दुसऱ्या काळच्या. पण उभं पीक हातचं जाईल ही शेतकऱ्याची धास्ती दोन्ही काळांत तीच होती, आणि आज्जीला सांगायची होती ती धास्तीच. आमच्या घरातल्या साऱ्याच जुन्या गोष्टी मी पुढे ताडून पाहिल्या. त्यांत सन चुकतो. कोण राबलं, कशावर जगलं आणि कशाला भ्यालं, हे मात्र चुकत नाही.

बसवण्णाच्या देवळावरून नाव पडलेली बसवनगुडी म्हटलं की लोकांना आठवतात गांधी बाजार, 1943 पासून डोसे घालणारं विद्यार्थी भवन, नॅशनल कॉलेज, कानडी लेखक डी. व्ही. गुंडप्पांनी 1945 साली आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावानं काढलेली संस्था, आणि गवीपुरममधलं कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगारांचं घर. हे वैभव खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आम्ही गुट्टहळ्ळीचे. आमच्या गल्लीत विडी वळणारे होते, शिंपी होते, हमाल, सुतार, गवंडी, गिरणी कामगार आणि पोलीस शिपाई होते. शहराच्या पोटात राहूनही ते गावच होतं. दारात गाई बांधलेल्या असत आणि कुणाकडे लग्न निघालं की आख्खी गल्ली भांडी घासायला बसे.

या गावाभोवती शहर आलं ते प्लेगच्या पावलांनी. 1898 च्या पावसाळ्यात बंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, गाठीचा ताप शिरला. आज्जीच्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. घरात उंदीर मेला की त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायचं, केंपांबुधी तळ्याच्या बाजूला माळावर झापांची खोपटी बांधायची आणि पेटेतला धूर लांबून बघत बसायचं, असं त्या सांगायच्या. म्हैसूर सरकारनं मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन नव्या वसाहतींची आखणी त्याच दशकात हाती घेतली होती. प्लेगनं त्यांना माणसं मिळवून दिली. रुंद रस्ते, मोकळी हवा, मधोमध चौक. भूखंडांची वाटणी मात्र जातीजमातींनुसार झाली. अमुक भाग ब्राह्मणांचा, अमुक लिंगायतांचा, अमुक आणखी कुणाचा. ज्यांच्या शेतांवर हे नकाशे उतरले, ते गुट्टहळ्ळी-मावळ्ळीचे लोक नकाशाच्या कडेला राहिले.

घरं बांधली तीही कडेच्या माणसांनीच. बंगळूरच्या पोटात दगड भरपूर. बसवण्णाच्या देवळाशेजारचा ब्यूगल रॉक तर तीनशे कोटी वर्षांच्या खडकाचा उघडा पडलेला माथा आहे. असा दगड सुरुंग लावून फोडणारे, तापवून त्याच्या लांबलचक फरशा काढणारे वडार होते. लालबागेच्या बाजूला तिगळांचे, म्हणजे माळीकाम करणाऱ्या समाजाचे, मळे होते. हैदर अलीनं 1760 च्या सुमारास लालबाग लावली तेव्हापासून शहराची फुलं आणि भाजी त्यांच्याच हातून आली. बंगळूरच्या करगा उत्सवात देवीचा करगा डोक्यावर घेतात तेही तिगळच. नव्या वसाहतीतल्या देवघरांत रोज सकाळी जे हार पोचत, त्यांची फुलं याच लोकांनी अंधारात उठून खुडलेली असत.

आणि यात आम्ही मराठे कुठले? माझ्या आजोबांचं, आबांचं, उत्तर ठरलेलं होतं : “आम्ही शहाजीराजांबरोबर आलो.” इतिहासाला यातलं पहिलं पाऊल मान्य आहे. 1638 च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले, बंगळूर त्यांना जहागीर मिळालं आणि 1664 साली चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे त्यांचा अंत झाला. तिथं त्यांची समाधी आहे. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. 1687 साली मोगलांनी बंगळूर घेतलं आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं, असं सांगतात. सत्ता गेली, माणसं राहिली. काही म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार झाली, काही कचेरीत मोडी लिहीत बसली. पेटेतले भावसार कापड रंगवत आणि शिवत राहिले. त्यांच्या विठ्ठलमंदिरांत आषाढीला अभंग चालतात आणि प्रसाद वाटताना सगळे कानडी बोलतात.

आमचं घराणं यातल्या कुठल्या लाटेबरोबर आलं याचा कागद नाही. पण शहाजीराजांचं नाव घेताना आबांचा आवाज का चढायचा, ते मला कळतं. गिरणीत दिवसभर मागावर उभं राहणाऱ्या माणसाला आपण कुठून तरी ताठ मानेनं आलो, एवढं म्हणायचं होतं. गवीपुरमच्या बाजूला मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. तिथल्या उत्सवात सुतार, शिपाई, ड्रायव्हर असे सगळे एका पंगतीला बसत. कर्नाटकात 2011 च्या जनगणनेत सुमारे 20 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. राज्याच्या लोकसंख्येत ते तीन टक्क्यांहून थोडे जास्त. आमच्यासारखी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी बोलणारी माणसं त्यांतलीच.

आबा बिन्नी गिरणीत होते. ही गिरणी 1884 साली निघाली. तिची खाकी आणि तिच्या कांबळी फौजेपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर असत. गुट्टहळ्ळीतून पहाटे माणसांची रांग कॉटनपेटेकडे चालत निघे. भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं असे. त्या रांगेत मराठी, तेलुगू, तमिळ, कानडी, उर्दू असे सगळे असत आणि चालता चालता पगार, पोरांच्या शाळा आणि युनियन यांवर एकाच मिश्र भाषेत बोलणं होई. पुढे एचएएल, आयटीआय, एचएमटी, बीईएल असे सरकारी कारखाने आले. गल्लीतल्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा पेन्शनची नोकरी दिसली. 1980-81 चा या कारखान्यांतला लांबलेला संप आमच्याकडे अजून काळ मोजायला वापरतात : अमक्याचं लग्न संपाआधीचं, तमकीचा जन्म संपानंतरचा.

बायकांच्या कामाला भोंगा नव्हता. आज्जी अगरबत्ती वळायची. कोळशाची पूड आणि जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, पाण्यात कालवून काळा गोळा करायचा, पाटावर बांबूच्या काडीभोवती तो तळहातानं फिरवायचा, एका दमात सारखा. मजुरी हजारावर. वळलेल्या काड्या अंगणात वाळत पडत आणि मळभ आलं की शेजारपाजारची पोरं धावून त्या आत घेत. सुगंध पुढे कारखान्यात लागे. आमच्या वाट्याला काजळी. बंगळूरची अगरबत्ती देशभर गेली. ती वळणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच पुड्यावर आली नाहीत.

आमच्या या वस्तीतून एक नाव मात्र जगभर गेलं. शिवाजीराव गायकवाड, जन्म 12 डिसेंबर 1950. वडील रामोजीराव पोलीस शिपाई. मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब शेजारच्या हनुमंतनगरला आलं. मुलगा गवीपुरमच्या सरकारी कानडी शाळेत शिकला, आई लवकर गेली, पुढे त्यानं हमाली केली, सुतारकाम केलं आणि बंगळूरच्या सरकारी बसवर तो कंडक्टर झाला. 1975 साली त्याचा पहिला सिनेमा ‘अपूर्व रागंगळ’ आला आणि पुढे तमिळ माणसांनी त्याला रजनीकांत म्हणून डोक्यावर घेतलं. गल्लीतले म्हातारे त्याच्या सिनेमाबद्दल फारसं बोलत नसत. तो तिकिटं किती झपाट्यानं फाडायचा, हे सांगत. कामातला सफाईदारपणा हीच त्यांच्याकडची थोरवीची खूण होती.

आता गुट्टहळ्ळीत कौलं दिसत नाहीत. जागेचे भाव इतके चढले की कामगारांची पोरं घर विकून दूर उपनगरांत गेली. बिन्नीच्या जागी उंच इमारती झाल्या आहेत. परिषेला शेंगा अजून येतात, पण त्या लांबच्या गावांतून आणि शेजारच्या राज्यांतून. मूळच्या चार गावांत आता शेत नाही.

बसवनगुडीवर लिहिलेलं पुष्कळ आहे. त्यात लेखक आहेत, देवळं आहेत, उपाहारगृहं आहेत. दगड फोडणारे, काड्या वळणारे, माग चालवणारे फार थोडे आहेत, कारण त्यांनी कागद मागे ठेवले नाहीत. त्यांनी गोष्टी ठेवल्या. त्या ऐकणारी शेवटची पिढी आपली आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, मग ते बंगळूरचं असो, इचलकरंजीचं असो की परळचं, तर त्याच्याजवळ बसा. सनाचा आग्रह धरू नका, सन नंतर ताडून घेता येतो. काय काम केलं, हजारामागे किती मिळत होतं, कामावर कुणाबरोबर चालत जायचात, एवढं विचारा आणि लिहून ठेवा.