मुंबई ते कराची विमानाचं अंतर किती? प्रवासाला वेळ किती लागतो?

उल्हासनगर : कॅम्प १ मधल्या जुन्या सिंधी घरांत कराचीचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईलवर अंतर बघतंच. मुंबई ते कराची विमानतळ सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर. दिल्ली यापेक्षा लांब आहे, साधारण ११४० किलोमीटर. जेट विमानाला हे अंतर कापायला सव्वा ते दीड तास पुरतो. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. म्हणजे सकाळी १० ला उडालेलं विमान तिथल्या ११ ला उतरेल.

पण असं विमानच नाही. वेबसाईटवर दिसणारा दीड तास हा नुसता हिशेब असतो, त्याचं तिकीट निघत नाही. पीआयएची मुंबई-कराची सेवा गेल्या दशकातच बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं, अटारीची सीमाही बंद झाली. भारत सरकारने नागरिकांना पाकिस्तानात जाणं टाळायला सांगितलं.

खरं तर या देशातली टपाल विमानसेवा याच मार्गावर वाढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. छोटं एक इंजिनाचं विमान होतं, तरी सकाळी निघून दुपारी पोहोचले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली, १९४९ मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं.

आता हवाई मार्ग उरतो तो दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणाहून. मुंबई-दुबई सुमारे १९३० किलोमीटर, सव्वातीन तासांच्या आसपास. दुबई-कराची ११९० किलोमीटर, दोन तास. एकूण ३१२० किलोमीटर, म्हणजे साडेतीन पट फेरा. दुबईतला थांबा धरला तर आठ तास कमीच समजा, थांबा लांबला तर अख्खा दिवस जातो.

तिकीट काढताना एक गोष्ट बघा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सामान पुढे जातं आणि विमानतळाबाहेर पडावं लागत नाही. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतली, तर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला बाहेर यावं लागू शकतं आणि त्यासाठी यूएईचा व्हिसा लागतो. पाकिस्तानच्या व्हिसावर तर शहरांची नावं लिहिलेली असतात, कराची लिहिलं तर कराचीच. व्हिसा हातात येण्याआधी तिकिटाला पैसे घालू नका.

कॅम्प १ वरून मुंबई विमानतळ रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. दिवसा शहाडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि गाडी बदलून टर्मिनल २ गाठता येतं. आखाताकडची बरीच विमानं रात्री-पहाटे असतात, तेव्हा मेट्रो बंद. मग गाडीच करावी लागते.